नाव काढलेल्यांची यादी

आंब्याच्या धंद्यात पहिली ऑर्डर यायच्या आधी पहिला नकार येतो. देवगडच्या बागेत मोहोर धरला, वाटाण्याएवढी फळं दिसायला लागली, की मी गिऱ्हाइकांना मोसमाचा पहिला मेल पाठवते. यंदा फळ कसं आहे, तुडतुड्यांनी किती खाल्लं, पेट्या साधारण कधी निघतील, भाव कुठवर जाईल. मेल निघाला की दहा मिनिटांत पडद्यावरचे आकडे हलू लागतात. ज्याला आंबे घ्यायचे असतात तो सावकाश असतो. तो घरात विचारतो, व्याह्यांना पाठवायचे का ते ठरवतो, गेल्या साली किती घेतले होते ते आठवतो आणि दोन दिवसांनी सरळ फोनच करतो. ज्याला मेल नको असतो त्याला कोणालाच विचारायचं नसतं. तळाशी बारीक अक्षरात ‘अनसबस्क्राइब’ असतं, ते दाबलं की झालं.

बाग दादा बघतो. मी पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात यादी, मेल आणि हिशेब सांभाळते. गिऱ्हाइकं बहुतेक पुण्याची, ठाण्या-डोंबिवलीची, थोडी बेंगळुरूची. शिवाय परदेशात राहणारी मुलं आहेत, ती तिकडून पैसे भरतात आणि पेटी इथल्या आई-वडिलांच्या पत्त्यावर जाते. यादी लहान, हजाराच्या आतली. मोठ्या कंपनीत यादी सोडून जाणारे म्हणजे आलेखावरची एक रेघ. बैठकीत कोणीतरी ती दाखवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आमच्याकडे गेलेलं प्रत्येक नाव ओळखीचं निघतं. या बाईंच्या पेटीत साका निघाला होता, आपण दुसरे आंबे पाठवले होते. हे कोथरूडचे, दर वर्षी ‘पायरी आहे का’ विचारून शेवटी हापूसच घेणारे. आणि हे तर लग्नाच्या आहेरात आमची पेटी देणारे, यांना काय झालं?

हा प्रश्न मला पडतो तेव्हा मी चहा करायला उठते. दादाला पडतो तेव्हा तो फोन उचलतो.

पहिल्या मोसमात मी त्याला कौतुकाने ही गेलेल्यांची यादी दाखवली, तेच नडलं. “गिराइक उठान गेलां तर विचारूक नको?” म्हणाला, आणि समोरच डोंबिवलीच्या एका काकांना फोन लावला, स्पीकरवर. नमस्कार-चमत्कार झाले, पावसाचं झालं. मग दादाने अत्यंत प्रेमाने विचारलं, “काका, आमचं काय चुकलं का? नाव काढलंत म्हणून विचारतो.” पलीकडे क्षणभर काही नाही. मग धांदल. “छे छे, चुकायचं काय त्यात… मी कुठे काढलं… नातू असतो हो मोबाइलशी खेळत… दाबलं गेलं असेल कुठे तरी.” मागून काकूंचा आवाज, “कोण आहे?” काकांनी फोनवर हात ठेवला असावा, पुटपुटणं ऐकू आलं. मग एकदम मोकळ्या आवाजात, “बरं झालं फोन केलात. एक पेटी पाठवून द्या की. पाच डझनी.” दादाने माझ्याकडे जे पाहिलं त्याला विजयी मुद्रा म्हणतात. पेटी गेली, पैसे आले. पुढच्या मोसमात काकांनी त्याचा फोन उचलला नाही.

दादाच्या मते ती विक्री होती. माझ्या मते ती वसुली होती. काकांना आंबे नको होते. त्यांना ‘नको’ म्हणण्याच्या अवघडलेपणातून सुटका हवी होती आणि ती त्यांनी पाच डझनी पेटीच्या भावाने विकत घेतली. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात, पण ही बहीण दोन्ही घरी नांदते: घेणाऱ्याकडेही आणि विकणाऱ्याकडेही. कोपऱ्यावरचा वाणी बदलला की आपण त्याच्या दुकानासमोरून जाताना पिशवी दुसऱ्या हातात घेतो. पेपरवाला बंद करायचा तर ‘गावाला चाललोय’ म्हणून सांगतो. विम्याचा एजंट नात्यातला निघाला तर हप्ते भरतो. दारात आलेल्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणणं हा आपल्या मध्यमवर्गाला कधी न जमलेला विषय आहे. अशा समाजात तळाशी एक बारीक लिंक येते, जिला चेहरा नाही, आवाज नाही, जी ‘का हो?’ विचारत नाही, ती मला मोठी सोय वाटते. काकांनी त्या सोयीचा उपयोग करून आम्हाला न दुखवता निरोप घेतला होता. दादाने त्यांना दारातून परत बोलावून पाटावर बसवलं.

पूर्वी हे काम पोस्टमन करायचा. मराठी मासिकांची वर्गणी संपली की पुढचा अंक व्ही.पी.ने यायचा, पैसे भरा आणि पुडकं सोडवून घ्या. ही पोस्टाची सोय आपल्याकडे 1877पासूनची. ज्याला मासिक नको असे तो पत्र लिहून कळवत नसे. पोस्टमन दारात आला की ‘मालक घरी नाहीत’ असं मालकच आतून सांगत. पुडकं परत, आणि टपालाचा भुर्दंड संपादकाच्या माथी. वर्गणी पुढे चालू ठेवायची नसेल तर आधी एका कार्डाने कळवा, व्ही.पी. परत करून नुकसान करू नका, अशा विनवण्या जुन्या मासिकांतून हमखास दिसतात. त्या वाचताना मला संपादकांची दया येते आणि वर्गणीदारांचं वागणं ओळखीचं वाटतं. कार्ड लिहायचं म्हणजे ‘तुमचं मासिक मला नको’ हे स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी लिहायचं. त्यापेक्षा पोस्टमनशी खोटं बोलणं सोपं.

फोनच्या जमान्यात सरकारला मध्ये पडावं लागलं. जाहिरातींचे फोन नकोत म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007मध्ये निघाली, पुढे त्यासाठी 1909 हा नंबर आला. ते फोन थांबले असं कोणी म्हणणार नाही, पण ‘नको’ची सरकारदरबारी नोंद होते हे तरी कळलं. व्हॉट्सअ‍ॅपने मात्र भिडस्तांचे हाल केले. ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं, अमुक गेले, आणि मग तो का गेला यावर उरलेल्यांची चर्चा. 2022मध्ये त्यांनी हे बदललं, आता माणूस गेल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर आता एकाच माणसाचं तोंड चुकवावं लागतं. आमच्या ओळखीतले बरेच बागायतदार आंब्याचा सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवरच करतात, आणि ‘मेलबिल कोण वाचतो’ म्हणून मला हसतात. हसू देत. त्यांच्या यादीतून बाहेर पडायचं तर माणसाला त्यांना ब्लॉक करावं लागतं. आणि ब्लॉक केलेल्या माणसाकडे दोन वर्षांनी पुन्हा कोणी आंबे मागत नाही.

नाव काढायची सोय आपण गिऱ्हाइकावर उपकार म्हणून देत नाही, हेही सांगायला हवं. कायदे आहेत. अमेरिकेचा 2003चा कायदा म्हणतो की कोणी नाव काढा म्हटलं तर कामाच्या दहा दिवसांत काढलं पाहिजे, त्यासाठी पैसे मागायचे नाहीत आणि ईमेलच्या पत्त्यापलीकडे फारसं काही विचारायचं नाही. युरोपने 2018पासून आणि आपल्या 2023च्या डेटा संरक्षण कायद्याने तत्त्व सांगितलं की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. पण खरा धाक कायद्याचा नाही, जीमेलचा. 2024पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची केली, आणि मागणी आल्यावर दोन दिवसांत नाव काढा म्हणून सांगितलं. रोज पाच हजार मेल पाठवणाऱ्यांसाठीचा तो नियम. आमच्यासारख्यांना तो थेट लागू होत नाही. पण ‘हा मेल स्पॅम आहे’ अशी तक्रार हजारात तीनच्या वर जाऊ देऊ नका, ही ताकीद लहानमोठ्या सगळ्यांना आहे. हजाराच्या आतल्या यादीत हजारात तीन म्हणजे किती माणसं, ते बोटांवर मोजता येतं. तेवढ्यांनी रागाने स्पॅमचं बटण दाबलं, तर उरलेल्या सगळ्यांचा आंब्याचा मेल कचऱ्याच्या फोल्डरात पडू लागतो. आणि जीमेल कोणी दाबलं ते सांगत नाही.

मी दादाला हे गणित समजावून दिलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. जायची वाट अडवली की लोक थांबत नाहीत, जाता जाता दार आपटतात, आणि त्याचा आवाज आत बसलेल्यांना ऐकू जातो. तेव्हापासून फोन बंद. निदान माझ्यासमोर.

नाव काढल्यावर जे पान उघडतं त्यावर काय लिहायचं, यावर आमच्या घरात एक पूर्ण संध्याकाळ गेली. सॉफ्टवेअरमध्ये तयार मजकूर होता, त्याचा अर्थ साधारण ‘तुम्ही चाललात याचं आम्हाला फार वाईट वाटतंय’ असा. सोबत खाली मान घातलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र टाकायची सोयही होती. ही सगळी एक विद्या आहे आणि तिला आता गुन्ह्याचं नाव मिळालंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. त्यात गिऱ्हाइकाला शरमिंदं करणारी भाषा ही एक. उदाहरण दिलंय ते विमानाच्या तिकिटाचं: विमा नको असेल तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर खूण करायला लावायची. वाचून मला आमच्या मावशीची आठवण झाली. तिसरी पोळी नको म्हटलं की ती म्हणायची, “बरोबर आहे, माझ्या हातचं आता कशाला आवडेल.” प्राधिकरणाने तिला गाठलं नाही हे तिचं नशीब.

दादाची सूचना होती ‘पुन्हा अवश्य या’. आईची, ‘काही चुकलं असेल तर क्षमा असावी’. भाच्याला तिथे दहा टक्के सवलतीचं कूपन हवं होतं. म्हणजे जो आमच्यावर रागावून चाललाय त्याला स्वस्त आंबा आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्याला पूर्ण भावाने. शेवटी जे राहिलं ते असं: ‘तुमचं नाव काढलं आहे. आता आमचा मेल येणार नाही. आंबा लागला तर बागेचा फोन नंबर तोच आहे.’ यात आभारसुद्धा नाहीत, म्हणून आई अजून नाराज आहे. मला ते पान आवडतं. काम झालं की नाही, एवढंच माणसाला त्या क्षणी जाणून घ्यायचं असतं.

त्या पानाच्या खाली एक रिकामी चौकट आहे, ‘कारण सांगायचं असल्यास’. सक्ती नाही. बहुतेक जण ती कोरी सोडतात. पण जे लिहितात ते काय लिहितात! ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ हे कारण सगळ्यात जास्त येतं. आमच्या धंद्याचा खरा प्रतिस्पर्धी रत्नागिरी नाही, मधुमेह आहे. एका बाईंनी लिहिलं होतं की मेल चांगले असतात, पण वाचले की खावंसं वाटतं आणि मग भांडण होतं. एकांचं ‘घर बदललं, चौथा मजला, लिफ्ट नाही’. पेटी वर कोण आणणार हा भाग त्यांनी गृहीत धरला होता. एकांनी प्रामाणिकपणे कळवलं की मुलीचं सासर रत्नागिरीचं आहे, आता आंबा विकत घेण्याची वेळ येत नाही. दादाला हा घाव सगळ्यात खोल लागला. गिऱ्हाईक गेलं ते जाऊ दे, पण रत्नागिरीच्या आंब्याकडे!

काही मंडळी लिंक दाबतच नाहीत. ती मेलला उत्तर लिहितात, शाळेत शिकवलेल्या पत्रासारखं. वर तारीख, मग ‘मा. महोदय, सा. न. वि. वि.’, मग ‘आपल्या यादीतून माझे नाव कमी करावे ही नम्र विनंती’, खाली ‘कळावे, लोभ असावा’. निवृत्त शिक्षक, बँकेतले, पाटबंधारे खात्यातले. सॉफ्टवेअर अशी उत्तरं ओळखत नाही. त्याच्या लेखी तो माणूस अजून यादीतच असतो. म्हणून आलेलं प्रत्येक उत्तर डोळ्यांखालून घालावं लागतं. लोभ असावा म्हणून लिहिणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘पेट्या निघाल्या’ असा मेल गेला तर त्या लोभाचं काही खरं नाही.

न्यू जर्सीहून एकाने असंच उत्तर लिहिलं होतं. तो दर वर्षी ठाण्याला आईवडिलांकडे पेटी पाठवायचा. लिहिलं होतं, आता दोघंही नाहीत, मेल बंद केलात तर बरं. त्याला मी दोन ओळी लिहिल्या आणि नाव काढलं. बाकी कोणाला, का गेलात म्हणून, मी कधीच लिहीत नाही.

आता या सगळ्यातला विचित्र भाग. नाव काढा म्हणणाऱ्याचं नाव पुसून टाकता येत नाही. माझी पहिली समजूत होती की काढायचं म्हणजे डिलीट करायचं. पण आमच्याकडे नावं येतात कुठून? प्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या वहीतून, दादाच्या पावतीपुस्तकातून, भाच्याने कधीतरी केलेल्या एक्सेलच्या फाइलमधून. डिलीट केलेला माणूस यातल्या कुठल्या तरी कागदावर शाबूत असतो. पुढच्या वेळी तो कागद यादीत चढवला की तो नवं कोरं गिऱ्हाईक म्हणून दाखल होतो आणि त्याला ‘आमच्या परिवारात स्वागत’ असा मेल जातो. हे टाळायचं असेल तर त्याचं नाव ठेवावंच लागतं, वेगळ्या खणात, ‘याला कधीही लिहायचं नाही’ अशी खूण करून. कोणाला विसरायचं ते नीट लक्षात ठेवावं लागतं. काही सेवा पत्ता जसाच्या तसा न ठेवता त्याचा एक गणिती ठसा तेवढा ठेवतात, म्हणजे नाव वाचता येत नाही पण पुन्हा आलं तर ओळखता येतं. आमच्याकडे साधी यादी आहे.

वेंगुर्ल्याला आमच्या ओळखीचे एक काजूवाले आहेत. मेल पाठवायची महागडी सेवा सोडून त्यांनी स्वस्तातली घेतली. चालू गिऱ्हाइकांची फाइल नव्या घरी नेली. गेलेल्यांची फाइल जुन्या घरीच राहिली, कारण गेलेल्यांचं सामान कोण बांधतो. मग दिवाळीच्या तोंडावर एका जुन्या वहीतली सगळी नावं चढवून त्यांनी ‘सुकामेवा सवलतीत’ पाठवलं. ऑर्डर बऱ्या आल्या. पण आल्या त्या काही फक्त ऑर्डर नव्हत्या. एकाने लिहिलं, “मी तुम्हाला सोडून तीन वर्षं झाली. अजून माझ्या मागे आहात?” काजूवाले मला सांगत होते, चालू गिऱ्हाइकाला आठवड्यात दोन मेल गेले तर तो कुरकुरतो, पण सोडून गेलेल्याला तीन वर्षांनी एक मेल गेला तर तो शिव्या देतो. मला यात नवल वाटलं नाही. त्या माणसाने एकदा धीर करून ‘नको’ म्हटलं होतं आणि ते कोणी ऐकलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ झाला.

त्यामुळे आमच्या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत जपलेली फाइल ही आहे. तिची प्रत माझ्या लॅपटॉपवर, एक दादाकडे, एक पेनड्राइव्हवर. आमच्याकडून ज्यांना काहीही नकोय त्यांची. चालू गिऱ्हाइकांची यादी हरवली तरी ते फोन करतील. हे लोक फोन करणार नाहीत.

कधी कधी मात्र माणूस गेलेलाच नसतो आणि नाव जातं. एका मोसमात हिंजवडीतल्या एकाच कंपनीच्या पत्त्यांवरची सगळी नावं मेल गेल्याबरोबर, एका मिनिटाच्या आत, यादीतून निघाली. दादा म्हणाला, त्यांच्यात आपल्याविरुद्ध काहीतरी ठरलंय. तसं काही नव्हतं. मोठ्या ऑफिसांत आलेला मेल माणसाच्या हाती पडण्याआधी सुरक्षेचं सॉफ्टवेअर त्यातली प्रत्येक लिंक उघडून बघतं, मागे काही घातक आहे का म्हणून. आमची नाव काढायची लिंकही त्याने इमाने-इतबारे उघडली आणि नावं निघाली. हा घोळ जगभर होत होता. म्हणून 2017मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी एका टिचकीत नाव काढण्याची नवी पद्धत घालून दिली, ज्यात नुसती लिंक उघडून भागत नाही, वाचणाऱ्याच्या बाजूने स्पष्ट मागणी जावी लागते. आमच्या जुन्या सेवेत ती नव्हती. ती मंडळी बिचारी मेच्या मध्यापर्यंत वाट बघत राहिली, मग एकीने फोन केला, “यंदा आंबे नाहीत का?” आणि मला त्यांची नावं परत घालता येईनात. एकदा निघालेलं नाव आमच्या हाताने परत चढत नाही. ज्याचं त्याने फॉर्म भरून यायचं. दादाला हा अन्याय वाटला, मला ठीक वाटलं. त्या सगळ्यांनी मुकाट्याने फॉर्म भरले. आंब्यासाठी माणूस काय काय करतो.

आमच्या यादीला आणखी एक रोग होता, तो मोसमी धंद्याचा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही अळीमिळी गुपचिळी, आणि मग एकदम ‘बुकिंग सुरू’. आठ-नऊ महिन्यांत माणूस विसरतो. मेल उघडून तो म्हणतो, हे कोण? म्हणून फेब्रुवारीतली गळती सगळ्यात मोठी. यावर उपाय म्हणून मी पावसाळ्यात एक पत्र पाठवायला लागले, ज्यात विकायला काही नसतं. बागेत खतं कशी घातली, कल्टार द्यायचं की नाही यावर दादाचं आणि शेजाऱ्याचं काय वाजलं, कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला वापरून देठासकट आंबा कसा उतरवतात. दादा म्हणाला, पावसात आंब्याचं कोण वाचतो. पण या कामात आपल्याकडे मोठं घराणं आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 1920मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याचं वार्तापत्र म्हणूनच. लोखंडी नांगर करणाऱ्यांची खबरबात. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचण्यासारखं इतकं घातलं की पुढे त्याचं मासिक झालं, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडं आली, आणि नांगराशी देणंघेणं नसलेल्या माणसांनी ती वर्गणी भरून वाचली. आमचं पत्र तिथवर जाणार नाही. पण फेब्रुवारीतली गळती त्याने कमी झाली, हे दादालाही मान्य आहे.

गेल्या साली मी उलट बाजूने छाटणीला हात घातला. तीन मोसम ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांना आपणच सोडून द्यावं, असं या धंद्यातले जाणकार सांगतात; न वाचणाऱ्यांच्या गर्दीने यादीची पत जाते. पूर्वी मेल उघडला की नाही ते कळायचं, एका न दिसणाऱ्या चित्रावरून. 2021पासून अ‍ॅपलच्या फोनांवर ते चित्र आपोआपच उतरवलं जातं, त्यामुळे वाचलं कोणी आणि नाही कोणी हे आता खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा मी सरळ विचारलं: तुम्हाला मेल पाठवू की थांबवू? उत्तर न आल्यास थांबवू. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही आणि ते त्या वेगळ्या खणात गेले. दादाने प्रत्येक नावाला हळहळ व्यक्त केली.

एका बाईंचं उत्तर आलं, नाशिकहून. आंबे त्या घेत नाहीत आणि घेणारही नाहीत, एकट्या आहेत, पेटी संपत नाही. पण माहेर देवगडजवळच्या जामसंड्याचं. मेल बंद करू नये. शिवाय तुम्ही आंब्याबद्दलच फार लिहिता, कुणकेश्वरच्या जत्रेबद्दल कधी लिहीत नाही, असा शेराही होता.

म्हणून यंदा महाशिवरात्रीच्या सुमारास निघालेल्या मेलमध्ये मी जत्रेवर दोन परिच्छेद घातले: समुद्राच्या बाजूने देवळाकडे जाणारी रांग, वाळूतली दुकानं, रात्री उशिरा परतणाऱ्या गाड्या. नाशिकहून दुसऱ्याच दिवशी पत्र आलं, त्यात माझ्या वर्णनातल्या दोन चुका दुरुस्त केलेल्या होत्या. आणि त्याच मेलनंतर नेहमीपेक्षा बरीच जास्त नावं गेली. एकाने कारणाच्या चौकटीत लिहिलं, “आंब्याचं बोला.” दादाला दाखवलं. तो म्हणाला, बरोबर आहे की त्याचं.